बायकोचा डावा खांदा

पोलिसाची बायको म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं. पोलिसाचा नवरा म्हटलं की काहीच उभं राहत नाही, आणि मी नेमका तोच आहे. बायको पोलिसात अधिकारी, मी शाळेत भूगोलाचा मास्तर. आमच्या इमारतीत मला 'मॅडमचे मिस्टर' म्हणतात. टपालवाला म्हणतो, दूधवाला म्हणतो, आणि परवा एका पालकानं शाळेत येऊन मला तोंडावर विचारलं, "मॅडमचे मिस्टर इथंच शिकवतात ना?" मी म्हणालो, "हो, आत्ताच बाहेर गेले."

या संसारात काही गोष्टी अंगवळणी पाडून घ्याव्या लागतात. उदाहरणार्थ, बाजारातून आलं की, "कुठे होता?" "बाजारात." "बरोबर कोण होतं?" "कुणी नाही." "मग पिशव्या दोन कशा?" यात संशय नसतो हो, सवय असते. तसंच हॉटेलात गेलो की दाराकडे तोंड करून ती बसणार, म्हणजे समोरच्या खुर्चीत मी. लग्न झाल्यापासून मी हॉटेलांच्या फक्त भिंती पाहत आलोय. जेवण अर्धं झालं की तिचा फोन वाजतो, आणि उरलेलं जेवण मी भिंतीबरोबर संपवतो. तक्रार नाही. काही भिंती फार चांगल्या होत्या.

आणि घरात एक नियम आहे. एकच. तिचं नाव आणि तिचं पद घराबाहेर वापरायचं नाही. एकदा माझी स्कूटर चुकीच्या जागी लावली म्हणून उचलून नेली ती थेट तिच्याच ठाण्यात. मी गपचूप रांगेत उभा राहिलो. ती तिथून जात होती. तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं, आणि ती म्हणाली, "रांग सरळ ठेवा." संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तिनं स्वतः चहा केला आणि माझ्यापुढे ठेवला. तिचा चहा अगदीच पाणचट असतो, पण तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

तर यंदा तिला बढती मिळाली. खांद्यावर दोन स्टार होते, ते तीन होणार. पोलिसांत याचा एक छोटा समारंभ असतो. वरिष्ठ साहेब एका खांद्यावर नवा स्टार लावतात आणि दुसऱ्या खांद्यावर घरचं माणूस लावतं. आधीच्या दोन्ही वेळी माझे सासरे गेले होते. सासरे सायकली दुरुस्त करायचे. सगळा जन्म नट-बोल्ट फिरवण्यात गेलेला, त्यामुळे स्टार म्हणजे त्यांच्या हातचा मळ. स्टारच्या मागचा स्क्रू खांद्यावरच्या पट्टीतून आत घालायचे, खालून नट बसवायचे, आणि मुलीला म्हणायचे, "अर्धा फेरा कमी ठेवलाय गं, कापडाला श्वास राहू दे." गेल्या वर्षी सासरे गेले. बढतीची बातमी आली त्या दिवशी ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पट्टा सोडता सोडता म्हणाली, "या वेळी तुम्ही लावाल ना?"

आता हे वाक्य साधं वाटेल, पण माझी बायको कुणाकडे काही मागत नाही. तिनं माझ्याकडे आजवर मागितलेल्या गोष्टी मी आठवून पाहिल्या. मीठ आठवलं. बाकी काही आठवेना. मी म्हणालो, "लावीन की. त्यात काय!" आणि आत जाऊन पाण्याचे दोन पेले प्यालो.

तिनं एका डबीत एक स्टार माझ्या हवाली केला. दुसरा साहेबांकडे मुख्यालयात. "डावा खांदा तुमचा," ती म्हणाली, "आणि सांभाळा." शाळेत रजा मागायला गेलो तर हेडबाई म्हणाल्या, "कारण?" मी म्हणालो, "मिसेसच्या खांद्याचं काम आहे." त्यांनी रजा दिली आणि हाडांच्या एका डॉक्टरांचा पत्ताही दिला.

मग सराव सुरू झाला. तिचा जुना युनिफॉर्म हँगरला लावून मी स्टार लावला. पहिल्या फटक्यात बसला! मी खूश होऊन हे वरच्या मजल्यावर जाऊन सांगितलं, आणि इथंच माझी ग्रहदशा सुरू झाली.

वरच्या मजल्यावर 'अनुभवी' राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा त्यांना अनुभव आहे. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांना डोळ्यांचा अनुभव निघाला, आमचा नळ गळला तेव्हा धरणाचा. स्टारचं ऐकून ते हसले.

"मास्तर, हँगर श्वास घेत नाही."

"म्हणजे?"

"माणूस श्वास घेतो. खांदा वर-खाली होतो. समोर वरिष्ठ उभे, फोटो निघतायत, तुमचे हात थरथरतायत, नट पडतो. गडगडत जातो साहेबांच्या बुटाखाली. तुम्ही वाकता. सगळ्यांसमोर साहेबांच्या पायाशी! फोटो तोच निघणार."

तोवर मी थरथरत नव्हतो. त्यानंतर हात जो कापायला लागला तो लागलाच. हजेरी घेतानाही कापायचा. वहिनी, म्हणजे अनुभवींच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "भावजी, आमच्या ह्यांच्या खांद्यावर करा की सराव. नाहीतरी खांदे रिकामेच असतात." पण अनुभवींच्या कुठल्याच शर्टाला खांद्यावर पट्ट्या नव्हत्या. पट्ट्या होत्या माझ्या जॅकेटला.

या जॅकेटबद्दल थोडं सांगणं भाग आहे. दुकानदारानं मला ते 'वाळवंटी रंगाचं' म्हणून विकलं होतं. मी पडलो भूगोलाचा मास्तर, वाळवंट म्हटल्यावर भुललो. घरी आणलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "खाकी आहे." मी म्हणालो, "वाळवंटी." वाद तिथंच मिटला, म्हणजे ती कामावर निघून गेली.

समारंभाचा दिवस उजाडला. ती सकाळीच मुख्यालयात जाणार होती, मी दुपारी पोचायचं होतं. तिचा युनिफॉर्म मी इस्त्री केला. तिचे युनिफॉर्म रोज मीच इस्त्री करतो आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाहीची घडी अशी की बोट कापावं. त्या दिवशी तर मी जीव ओतला. एका हातानं तिची कॉलर वर धरून धार तपासत होतो, त्यात इतका रमलो की दुसऱ्या हातातली इस्त्री माझ्या स्वतःच्या नव्या शर्टावर टेकलेलीच राहिली. वास आला तेव्हा पाहिलं, तर शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचं अख्खं चित्र, टोकासकट. तिला मी काही बोललो नाही. शर्ट समोरून उत्तम होता, आणि पाठ झाकायला वाळवंट होतंच.

ती निघताना दारात थांबली. "वेळेवर या हं," म्हणाली. घरातून निघताना ती कधी मागे वळून बघत नाही. त्या दिवशी जिन्याच्या वळणावर वळली.

मी शर्ट घातला, वर जॅकेट चढवलं, आणि आता निघणार तोच वहिनींना घेऊन अनुभवी आले. हातात पक्कड.

"शेवटचा एक सराव," ते म्हणाले. "आज मी तुम्हाला लावून दाखवतो. समोरच्या माणसाला काय वाटतं ते तुम्हाला कळायला हवं."

नको म्हणायला हवं होतं. पण ज्याचा हात कापतो त्याला नाही म्हणण्याचा दम कुठून येणार! अनुभवींनी माझ्या डाव्या खांद्यावर स्टार ठेवला, स्क्रू आत घातला, नट बसवला आणि पकडीनं पिळला. "घट्ट हवा," ते म्हणाले. अजून पिळला. 'कर्र' असा आवाज आला. अनुभवींचा चेहरा बदलला. त्यांनी उलट फिरवून पाहिला. नट जागचा हलेना. मी फिरवला, वहिनींनी फिरवला, तेल घातलं, मग दोघांनी मिळून मला फिरवलं. स्टार माझ्या खांद्यावर कायमचा बढती पावला होता.

"आटे बसले एकमेकांवर," अनुभवी म्हणाले. "असा अनुभव पहिल्यांदाच."

"मग आता?"

"कोपऱ्यावरचा घड्याळवाला. बारीक कामात तरबेज आहे. पळा."

"जॅकेट काढून हातावर टाका भावजी," वहिनी म्हणाल्या. मी कशाला काढतोय! पाठीवर अख्खी इस्त्री. आत जाऊन दुसरा शर्ट शोधायचा तर वेळ नाही. वहिनींनी मग त्यांचा एक फुलाफुलांचा रुमाल स्टारवर टाकला. तो वाऱ्यानं उडू नये म्हणून मी उजव्या हातानं डावा खांदा धरला आणि छातीत कळ आल्यासारखा रस्त्यावर निघालो.

घड्याळवाल्याचं दुकान बंद. फळीवर खडूनं लिहिलेलं, 'आत्ता येतो.' घड्याळवाल्यानं हे लिहावं! दुसरा घड्याळवाला चौकापलीकडे होता. चौकात पोचलो आणि वाऱ्याचा एक झोत आला. रुमाल उडाला. मी तो पकडायला झेप घेतली, रुमाल सापडला, पण समोर उभ्या असलेल्या उंच हवालदारानं तेवढ्यात खाकी जॅकेट आणि स्टार पाहिला होता. त्यानं टाच आपटली आणि कडक सलाम ठोकला.

आता खरं सांगतो. इतकी वर्षं ते सलाम माझ्या शेजारून गेलेत. तिच्याबरोबर चालताना दर कोपऱ्यावर सलाम व्हायचे आणि मी पिशवी घेऊन दोन पावलं मागे. हा पहिला सलाम सरळ माझ्याकडे आला. छाती आपोआप फुगली. मान डोलवून पुढे गेलो असतो तरी निभावलं असतं. पण मी उत्तरादाखल सलाम केला. आणि उजवा हात रुमालासकट पुन्हा खांद्यावर गेला असल्यामुळे तो सलाम मी केला डाव्या हातानं.

डाव्या हातानं सलाम करणारा पोलीस जगात नाही. हवालदाराचा हात कपाळाशीच थांबला. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, एका खांद्यावर स्टार, दुसरा मोकळा, रुमालावर फुलं.

"साहेब कुठल्या ठाण्याला?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "घड्याळवाल्याकडे."

आणि अशा रीतीनं मी तोतया पोलीस म्हणून पकडला गेलो.

ठाणं बायकोचं नव्हतं, दुसऱ्या भागातलं होतं. आत एक लांब बाक, भिंतीवर हरवलेल्या माणसांची चित्रं, आणि टेबलामागे बसलेले साहेब. त्यांची दाढ दुखत होती. एक गाल फुगलेला आणि त्यावर हात दाबून धरलेला. दाढ दुखणाऱ्या माणसापुढे उभं राहण्यासारखं दुर्दैव नाही.

"धंदा?"

"शिक्षक. भूगोल."

"मग हे काय?"

"घट्ट बसलंय."

"ते दिसतंय. आलं कुठून?"

"बायकोचं आहे."

"बायको काय करते?"

इथं घोडं अडलं. एक नाव उच्चारायचा अवकाश. खुर्ची आली असती, चहा आला असता, जीप काढून मला मुख्यालयात पोचवलं असतं, आणि मी वेळेत डाव्या खांद्याशी उभा असतो. पण नियम होता. आणि आजचा दिवस! बढतीच्या दिवशीच मॅडमचे मिस्टर तोतया पोलीस म्हणून सापडले, मॅडमचं नाव सांगून सुटले, हे तिच्या खात्यात वर्षानुवर्षं चघळलं गेलं असतं. दुसरीकडे तो रिकामा खांदा डोळ्यांसमोरून हलेना. सासऱ्यांची जागा रिकामी, आणि तिथं मीही नाही. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं.

"नोकरी करते," मी म्हणालो.

"कुठे?"

"सरकारी."

"कुठल्या खात्यात?"

"ते मला सांगता यायचं नाही."

"गुप्त खातं वाटतं," हवालदार म्हणाला आणि खुदकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांची दाढ ठणकली. मग म्हणाले, "तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का? लावा फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा."

माझ्या तोंडून अनुभवींचं नाव गेलं. फोन लागला, मी म्हणालो, "मी ठाण्यात आहे, जरा यांना सांगा..." पुढे बोलू दिलं तर ते अनुभवी कसले!

"काहीही कबूल करू नका!" ते ओरडले. "मला या गोष्टींचा अनुभव आहे! आणि पक्कड माझी होती हे अजिबात सांगू नका!"

"पक्कड?" साहेब म्हणाले, आणि माझा फोन त्यांनी आपल्या टेबलावर ठेवून घेतला. मी बाकावर जाऊन बसलो. हरवलेल्या माणसांच्या चित्रांत एक माझ्यासारखाच चष्मेवाला होता. त्याचं बरं होतं, त्याला कुणीतरी शोधत होतं. समारंभाची वेळ झाली. मग टळली. मला रडू येत होतं आणि ते मी भूगोलाच्या मास्तराला शोभेल अशा रीतीनं, खिडकीबाहेर वाऱ्याची दिशा पाहत आवरून धरलं.

तेवढ्यात फोन वाजला.

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. "तुम्हाला सरकारचा फोन येतोय?"

मी बायकोचा नंबर 'सरकार' या नावानं ठेवलाय. लग्नानंतर पहिल्या महिन्यात ठेवला होता, तो बदलावा असं कधी वाटलं नाही. साहेबांनी फोन कानाला लावला. "कोण बोलतंय?" ते दरडावून म्हणाले. मग त्यांची पाठ सरळ झाली. मग ते उठून उभे राहिले. मग गालावरचा हात सुटून खाली गेला आणि पँटच्या शिवणीला चिकटला.

"हो मॅडम. आहेत मॅडम. बाकावर बसवलंय मॅडम... नाही, आत नाही, बाहेरच्या बाकावर..." मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम उतरला. "नाही मॅडम. एकदाही नाही. खूप विचारलं. तुमचं नाव त्यांनी घेतलंच नाही."

ती आली तेव्हा सगळं ठाणं उभं राहिलं. मीही राहिलो. इस्त्री उत्तम दिसत होती. उजव्या खांद्यावर तीन स्टार, डाव्यावर दोन.

ती दारातच थांबली आणि घटनास्थळाची पाहणी करतात तशी एकेक गोष्ट पाहत गेली, बाक, रुमाल, खांदा, मी. मी म्हणालो, "अगं, समारंभ..."

"झाला. साहेबांनी उजवा लावला. डाव्याला कुणीतरी दुसरं उभं करू का म्हणाले. मी म्हटलं, नको सर, त्या खांद्याचा माणूस यायचाय."

ती जवळ आली. "जॅकेट काढून हातावर का नाही टाकलं?"

मी तिच्या कानाशी लागलो. "शर्ट मागून जळलाय."

"कशानं?"

"इस्त्रीनं. तुझी कॉलर बघत होतो."

यावर उलटतपासणी झाली नाही. तिनं माझ्या खांद्यावरची पट्टी उचलली, केसातली एक पिन काढून नटाखाली सरकवली, आणि सासऱ्यांसारखीच जीभ दातांत धरून हळूहळू उलट बाजूला फिरवत राहिली. इतक्या लोकांत ती माझ्या इतक्या जवळ कधी उभी राहिली नव्हती. नट सुटला तो टुणकन उडाला आणि फरशीवरून टेबलाखाली गेला. अनुभवींचं भाकीत खरं ठरलं, फक्त वाकलो मी नाही. हवालदार वाकला, आणखी दोघं वाकले, आणि गाल धरून ठाण्याचे साहेब स्वतः गुडघ्यांवर बसले. "सापडला मॅडम!" टेबलाखालून आवाज आला.

मग ती माझ्यासमोर ताठ उभी राहिली आणि नजर सरळ ठेवली. मी तिच्या खांद्यावर स्टार ठेवला. हात थरथरत होता. खरंच, खांदा वर-खाली होत होता. अनुभवी त्याबाबतीत अगदी बरोबर होते. स्क्रू आत गेला. खालून नट लावला, फिरवला, अजून फिरवला, आणि थांबलो.

"अर्धा फेरा कमी ठेवलाय गं," मी हळूच म्हणालो.

तिची नजर सरळच होती, पण डोळे भरून आले. पोलिसांना तसंच उभं राहून रडता येतं हे मला माहीत नव्हतं. साहेबांनी खाड्कन सलाम केला, मग सगळ्या ठाण्यानं. तिनं उत्तर दिलं, उजव्या हातानं. मी या वेळी कुणालाच सलाम केला नाही. मी फुलाफुलांचा रुमाल तिला दिला.

घरी येताना जीपमध्ये माझ्या ध्यानात आलं की स्टार जरासा वाकडा बसलाय. फार नाही, पण तिच्या खात्यात असं चालत नाही. मी म्हणालो, "घरी गेल्यावर सरळ करून देतो." ती म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती आरशासमोर उभी होती. युनिफॉर्म घातलेला, टोपी पलंगावर. साहेबांनी लावलेला, नियमाप्रमाणे अगदी सरळ असलेला उजवा स्टार ती दोन बोटांत धरून हळूच वाकडा करत होती, डाव्याशी जुळावा म्हणून.